उस्तादांची ठरलेली जागा

उस्तादांना चुकलेला टाका सहन होत नाही. स्वतःचा तर नाहीच, दुसऱ्याचाही नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी सोफ्यावर बसण्याआधी ते त्याच्या कडेवरून बोट फिरवणार, मग नुसतं "हं" करणार, आणि त्या एका "हं"मध्ये तो सोफा शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. बायको शेजारून कोपर मारते. मग उस्ताद गप्प बसतात, पण बसतात तेसुद्धा अशा बेताने, की खालचं फोम कुठे दबलंय ते कळावं.

त्यांचं खरं नाव पूर्वी दुकानाच्या पाटीवर होतं. पाटीचा रंग उडाला, नाव गेलं, आणि कोणाचंच काही अडलं नाही. गाडीची सीट फाटली, सलूनच्या खुर्चीतून स्प्रिंग वर आली, दवाखान्याच्या बाकाचा कोपरा उसवला, की लोक म्हणतात, "उस्तादांकडे टाक." पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मध्ये एक जाड पडदा. पडदाही उस्तादांनीच शिवलेला. त्याची शिवण बघायला माणसांनी तिकीट काढून यावं, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

ते ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले, ते म्हातारे कारागीर फार कडक होते. नव्या पोराने रेक्झिनला चुकीच्या जागी सुई लावली, की त्याच्या बोटांवर लाकडी पट्टी बसायची. "कापड माफ करतं," ते म्हणायचे, "रेक्झिन माफ करत नाही. भोक पडलं की पडलं." हे वाक्य उस्तादांच्या हाडीमासी खिळलं. जुनी सीट उसवून पुन्हा शिवायची असली, तर त्यांची सुई जुन्याच भोकातून जाते आणि जुन्याच भोकातून येते. एकही नवं भोक दिसणार नाही. सुई मोडेपर्यंत टाकायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. म्हाताऱ्याने दिलेला दाभण अजून त्यांच्या पेटीत आहे, आणि अजून कामाला येतो.

दोन्ही सवयी चांगल्याच. पण माणसाला खड्ड्यात घालायला दरवेळी वाईट सवयच लागते असं नाही.

उस्तादांना मधुमेह होता. त्याआधी त्यांना गोडाचं वेड होतं, आणि तेही साधंसुधं नाही. दुपारी बायको जरा आडवी झाली, की हे पडद्याआडून मांजरासारखे आत यायचे, साखरेचा डबा उघडायचे आणि चमचाभर साखर नुसतीच तोंडात टाकून पुन्हा कामाला बसायचे. बायकोला हे सगळं ठाऊक होतं. डब्याचं झाकण नेहमी तिरकं बसलेलं असायचं. सीटची शिवण सुतासारखी सरळ काढणाऱ्या माणसाला डब्याचं झाकण काही सरळ बसवता येत नसे.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. त्या दिवशी घरी आल्यावर उस्तादांनी तो डबा स्वतः उचलून बायकोच्या हातात दिला. "आजपासून ह्याला हात लावणार नाही," ते म्हणाले. उस्ताद शब्द सहसा देत नाहीत, आणि दिला तर गिऱ्हाइकाच्या दारात रात्र काढून पाळतात. बायकोने डबा फळीवर होता तिथेच ठेवून दिला. कुलूपबिलूप काही नाही. शब्द दिलाय ना, मग झालं.

इन्सुलिनचं पेन कसं वापरायचं ते दवाखान्यात कोणीतरी घाईघाईने दाखवलं होतं. बाहेर रांग, आत रांग, दाखवणाऱ्या बाईंची जेवायची वेळ. पोटावर घ्या, जागा बदलत राहा, सुई बदलत राहा, हं, पुढचे कोण? उस्तादांनी मान डोलावली. पण घरी येऊन सदरा वर केला, तेव्हा स्वतःच्या पोटाकडे त्यांनी नव्या कोऱ्या रेक्झिनकडे बघावं तसं बघितलं. रोज नवं भोक? म्हणजे वर्षाकाठी पोटाची चाळण व्हायची! त्या दाखवणाऱ्या बाईंनी जन्मात एक उशी तरी शिवली असेल का, असं त्यांच्या मनात आलं. बेंबीच्या डावीकडे, हात आपसूक जाईल अशी एक जागा त्यांनी पक्की केली, आणि रोज तिथेच.

सुरुवातीला टोचायचं. मग कमी टोचायला लागलं. मग टोचल्याचं कळेनासंच झालं. "हात बसला," उस्तादांनी शेजारच्या गॅरेजवाल्याला सांगितलं. "आता डोळे मिटून देतो." गॅरेजवाल्याने कौतुकाने मान हलवली. त्याला स्वतःला सुईचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. आणि पेनाची सुई? ती मोडत तर नव्हतीच. मग बदलायची कशाला?

पुढे साखर वाढायला लागली.

डॉक्टरांनी डोस वाढवला. साखर हटेना. पुन्हा वाढवला, तरी तेच. बरं, वाढायची तर सरळ वाढायची, तेही नाही. मधेच एखाद्या दिवशी धाडकन खाली यायची, की उस्तादांचे पाय लटपटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आकाशाला भिडायची. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"काका, खरं सांगा. गोड चालू आहे ना?"

"नाही हो, डॉक्टर."

"एखादं बिस्किट? चहात चमचाभर?"

"शपथ घेऊन सांगतो, नाही."

डॉक्टरांनी उस्तादांकडे बघितलंच नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं. आणि बायको जमिनीकडे बघत राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी साखरेचा डबा फळीवरून उठला आणि कपड्यांच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली बायकोच्या कमरेला. कुलपाचा आवाज तो काय, पण पुढच्या खोलीत मशीन चालवत बसलेल्या उस्तादांना तो ऐकू आला. त्यांनी मशीन थांबवलं.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?" जेवताना त्यांनी विचारलं.

"मी काही म्हटलं का?"

"म्हणालीस तर बरं होईल."

"रिपोर्ट बोलतोय ना, मी कशाला बोलू?" तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "आणि ज्या दिवशी तुम्ही खात नाही, त्या दिवशी उतरतेच की साखर. मी काय आंधळी आहे?"

उस्तादांनी हात टेकले. ती भांडली असती तर एक वेळ चाललं असतं. भांडणात उस्ताद पट्टीचे होते. पण ती भांडेचना. कामापुरतं बोलायची, वेळेवर वाढायची, आणि उस्ताद बाहेरून आले की पाण्याचा पेला हातात देताना जरा जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. वास घेतेय हे त्यांना कळू नये असा तिचा प्रयत्न असायचा, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

संध्याकाळी दोरा ओवताना सुईची दोन नाकं दिसायला लागली, तेव्हा उस्ताद घाबरले. डोळे गेले की सुई गेली, सुई गेली की उस्ताद गेले. पण खरं सांगायचं तर त्यांची झोप त्या भीतीने उडाली नव्हती. बायको आपल्याला खोटारडा समजते, आणि आपण खोटारडे नाही हे तिला दाखवायला आपल्याकडे काहीही नाही, ह्याने उडाली होती. फळं सोडली, भात निम्म्यावर आणला, गॅरेजवाल्याकडचा बिनसाखरेचा चहासुद्धा सोडला. तरी रिपोर्ट तोच. शेवटी शेवटी तर त्यांचं त्यांनाच वाटायला लागलं, आपण झोपेत उठून कुलूप उघडून खातो की काय!

पुढच्या खेपेला डॉक्टर पुन्हा डोस वाढवणार होते. लिहायला पेन उचललं, आणि काय मनात आलं कोण जाणे, खाली ठेवलं. "पलीकडच्या खोलीत नव्या सिस्टर आल्यात," ते म्हणाले. "इंजेक्शन कसं घेता ते एकदा त्यांना दाखवून या. मग बघू."

बायको उठली. पहारेकऱ्यासारखी मागोमाग आली.

पलीकडची खोली लहानशी होती. एक टेबल, एक खिडकी आणि तपासणीचं एक बाक. बाक बघितल्याबरोबर उस्तादांचा हात त्याच्या कडेवर गेला.

"हे मीच मढवलंय," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा जीव आला.

"हो का? फार छान आहे, काका," सिस्टर म्हणाल्या. "बसा त्याच्यावर. आणि रोज घरी कसं घेता, तसंच मला दाखवा. टोचू नका, फक्त दाखवा."

उस्तादांनी सदरा वर केला आणि पेन हातात घेतलं. हात न बघता, न चाचपता, नेमका त्या जागी गेला.

"थांबा. तिथेच का?"

"ती जागा ठरलेली आहे."

"रोज तिथेच?"

"रोज." आणि मग उस्तादांनी त्यांना रेक्झिनचं सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. म्हाताऱ्या कारागिराच्या पट्टीसकट. बायकोने कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि विचारलं, "काका, वरून सीट चांगली दिसतेय, पण आत फोमचा गोळा झालाय, हे तुम्ही कसं ओळखता?"

"सोपं आहे. डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. दाबायचा नाही, फिरवायचा. हाताला कळतं."

"मग आडवे व्हा, डोळे मिटा, आणि स्वतःच्या पोटावरून फिरवा."

उस्ताद आडवे झाले. तळहात उजवीकडून निघाला. मऊ, सारखं, ठीक. बेंबीपाशी आला, तेही ठीक. पुढे डावीकडे सरकला, आणि थांबला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. कातडीखाली लिंबाएवढा एक उंचवटा होता, घट्ट, रबरासारखा. दुसऱ्याच्या सीटमधला सुपारीएवढा गोळा ज्या हाताने पहिल्या फटक्यात ओळखला असता, त्या हाताला स्वतःच्या पोटावरचा हा लिंबाएवढा गोळा इतके महिने सापडला नव्हता. सापडणार कसा? त्या जागी रोज फक्त सुईच जात होती, तळहात कधी गेलाच नव्हता.

"गाठ आहे," उस्ताद हळूच म्हणाले.

बायको खुर्चीवरून उठलीच. "गाठ? कसली गाठ? सिस्टर, कसली गाठ?" तिने त्यांचा हात बाजूला सारला आणि आपला ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, घाबरू नका. तुम्हाला वाटतेय तसली ही गाठ नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्वतः बोटांनी चाचपून बघितलं, कडा बघितल्या. "एकाच जागी रोज इन्सुलिन टोचलं, की तिथली चरबी अशी फुगते आणि घट्ट होते. म्हणून तर तिथे दुखत नाही. पण तिथे टोचलेलं इन्सुलिन रक्तात नीट जात नाही. आत अडकतं. कधी थेंबथेंब जातं, तर कधी एकदम जातं. म्हणून साखर अशी वर-खाली उड्या मारते."

"म्हणजे," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज फार बारीक झाला, "हे गोड खात नव्हते?"

"ते मी कसं सांगू?" सिस्टर हसल्या. "पण अशी साखर व्हायला ही गाठ एकटी पुरेशी आहे."

उस्ताद बाकावर आडवे होते. स्वतःच मढवलेलं बाक, आणि त्यावर पडून त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

डॉक्टर आले. त्यांनीही चाचपून बघितलं. "हात लावून मीच आधी बघायला हवं होतं," ते म्हणाले, आणि कागदावरचा डोस वाढवायच्या ऐवजी चांगला खाली आणला. "आता चांगल्या जागी घ्याल, तर सगळंच्या सगळं इन्सुलिन कामाला लागेल. जुनाच डोस घेतलात तर साखर फार उतरेल. थोडे दिवस जरा जास्त वेळा तपासा."

मग सिस्टरांनी उस्तादांना पहिल्यापासून शिकवलं, आणि उस्ताद पोरासारखे शिकले. पट्टी तेवढी नव्हती. "तुमचं अंग रेक्झिन नाही, काका," त्या म्हणाल्या. "ह्याची भोकं बुजतात. फक्त त्याला वेळ द्यायचा." पोटाचे चार भाग करायचे, एका आठवड्याला एक भाग, आणि त्या भागातही आजची जागा कालच्यापासून बोटभर लांब. बेंबीच्या अगदी जवळ नाही. मांड्या आहेतच. गाठीला हातसुद्धा लावायचा नाही, ती काही महिन्यांत हळूहळू बसेल. टोचायच्या आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकावर थेंब येतो का बघायचं. सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, मगच बाहेर. चोळायचं नाही.

"आणि सुई दर वेळी नवी."

इथे उस्ताद अडले. "पण मोडलेली नसते हो."

सिस्टरांनी त्यांच्या पेनाची जुनी सुई काढली, टेबलावरचं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि सुईचं टोक दाखवलं. टोक कुठलं, गळासारखा वाकलेला आकडा होता तो. उस्तादांनी भिंग खाली ठेवलं. "ह्या सुईने मी गोणपाटसुद्धा शिवलं नसतं," ते म्हणाले. त्यानंतर सुई टाकण्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या, उघड्यावर नाही, हेही त्यांनी मुकाट्याने मान्य केलं.

निघताना सिस्टर बायकोला म्हणाल्या, "काकू, इंजेक्शन झालं की जेवायला उशीर नको. हात थरथरले, घाम सुटला, माणूस उगाच चिडायला लागला, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, आणि मग काहीतरी खायला द्यायचं. साखर हाताशी ठेवा."

बायकोचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला. घरी पोचल्यावर पायातल्या चपला काढायच्या आधी तिने कपाट उघडलं आणि डबा फळीवर आणून ठेवला.

"मी तुम्हाला खोटं ठरवलं," ती डब्याकडेच बघत म्हणाली.

"रिपोर्ट बोलत होता ना," उस्ताद म्हणाले. "तू कुठे काय म्हणालीस?"

त्यावर ती रडली. उस्ताद तिच्याजवळ उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी डब्याचं झाकण तिरकं होतं ते सरळ केलं. तेव्हा ती रडता रडता हसली.

दोन आठवडे साखर शहाण्यासारखी वागली. मग एका दुपारी उस्तादांनी इंजेक्शन घेतलं, आणि ताट वाढून होतंय तोवर गॅरेजवाला बाहेरून ओरडला, "उस्ताद, ही सीट जरा बघा, गिऱ्हाईक खोळंबलंय!" दोन मिनिटांत येतो म्हणून गेले, ते सीटमध्येच रमले. टाका चुकला. उस्तादांचा टाका! उसवला, पुन्हा घातला, पुन्हा चुकला. सुई जुन्या भोकात जाईना, हात थरथरायला लागला. "उजेड सोडून उभा राहा की!" ते गॅरेजवाल्यावर खेकसले. तो बिचारा केव्हाचाच भिंतीला लागून उभा होता.

पडद्याआडून बायकोने ते खेकसणं ऐकलं. उस्ताद भांडतात, पण कधी खेकसत नाहीत. ती आली, तिने त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला, आणि एक शब्द न विचारता परत फिरली. आली ती पेला घेऊनच. "प्या," ती म्हणाली. उस्ताद बघतच राहिले. ज्या साखरेवरून एवढं रामायण झालं, ती तीन चमचे पाण्यात विरघळवून आता बायकोच त्यांच्या ओठांना लावत होती. त्यांनी पेला रिकामा केला. ती शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने हातांची थरथर थांबली, तिने साखर तपासली, आकडा ठीक आला, आणि मग तिने इतका मोठा श्वास सोडला, की गॅरेजवाल्यानेही त्याच्याबरोबर सोडला.

"वहिनी, माझी चूक झाली," तो म्हणाला.

"तुमची कसली? ह्यांना सीट दिसली की जेवण दिसत नाही," ती म्हणाली. "चला, उठा. ताट गार झालंय."

त्याच संध्याकाळी उस्तादांनी रेक्झिनच्या तुकड्याची एक छोटी थैली शिवली. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी, टिचबटणाची. साखरेच्या चार पुड्या त्यात बसतात. रोज सकाळी बायको ती आठवणीने त्यांच्या खिशात ठेवते. उस्ताद सीट मढवायला गावभर हिंडतात, सलूनमध्ये, दवाखान्यात, गॅरेजात, आणि ज्या माणसाला एके काळी चमचाभर साखरेसाठी पडद्याआडून चोरपावलांनी यावं लागत होतं, तो दिवसभर छातीशी साखर बाळगून हिंडतो आणि तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

पहिले काही दिवस ते घरी आल्यावर ती थैली काढून तिच्यापुढे धरायचे, आणि ती उघडून बघायची. चारही पुड्या जागच्या जागी. तिला बघायचंच असतं असं नव्हतं, पण त्यांना दाखवायचं असायचं, म्हणून ती बघायची. मग एके दिवशी त्यांनी थैली पुढे धरली, तेव्हा ती कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

"उघडून बघ की," उस्ताद म्हणाले.

"कशाला?" ती म्हणाली. "हात धुऊन या. इंजेक्शन घ्या, तोवर पानं घेते."

उस्तादांनी थैली खिशात ठेवली आणि हात धुवायला गेले. मग आत येऊन त्यांनी पेनाला नवी सुई लावली, सदरा वर केला, आणि कालच्या जागेपासून बोटभर सरकले.